पाठीचा कणा, हाडवैद्य आणि नोंदणीचा कायदा

उसण भरली, मान आखडली, पाय मुरगळला किंवा कमरेत चमक आली, की खेड्यातील मनुष्य प्रथम दवाखान्याची वाट धरीत नाही. तो शेजारच्या गावातील हाडवैद्याचे नाव विचारतो. पायाळू माणसाने उसणीवर पाय फिरविला की ती उतरते, अशी समजूत महाराष्ट्रात अनेक पिढ्या चालत आलेली आहे. केशकर्तनालयात केस कापून झाल्यावर मानेला हिसका देऊन 'कट्' असा आवाज काढून घेणारी मंडळीही काही कमी नाहीत. गुजरातेत हाड बसविणाऱ्या माणसाला 'हाडवैद' म्हणतात. नाव थोडे बदलले तरी लोकांचा विश्वास तोच आहे.

हा विश्वास सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. निखळलेला खांदा हातोटीने जागेवर बसविणारे आणि साधी लचक चोळून बरी करणारे कुशल लोक समाजात होते व आजही आहेत. परंतु ज्याच्या हाती आपण आपला कणा सोपवितो, त्याचे शिक्षण काय, त्याच्यावर देखरेख कोणाची आणि काही बिघडल्यास दाद कोठे मागावयाची, हे तीन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नांची उत्तरे नोंदणीच्या, म्हणजेच परवान्याच्या कायद्यात सापडतात. हा कायदा कसा घडत आला, आज तो कोठवर पोहोचला आहे आणि कोठे अपुरा पडतो, हे नागरिकांनी समजून घेणे हिताचे आहे.

सुरतेची पार्श्वभूमी

या विषयाचा विचार करण्यास सुरत शहर फार सोयीचे आहे. सुरत हे कष्टकऱ्यांचे शहर होय. यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारा कामगार, घंटीवर मान वाकवून हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर, रिंग रोडवरील कापडबाजारात तागे आणि पार्सले पाठीवरून वाहणारा हमाल, या सर्वांचे पोट त्यांच्या पाठीच्या कण्यावर चालते. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत आणि भुसावळ जोडली गेली. पुढे नंदुरबार, धुळे व जळगाव या भागांतील हजारो कुटुंबे कामाच्या शोधात येथे आली. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांतून आज खानदेशी बोली सहज कानी पडते, आणि सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे.

या कामगाराची पाठ धरली की त्याची मजुरी बुडते. म्हणून त्याला लवकर, स्वस्त आणि जवळ मिळणारा उपचार हवा असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न नवी सिव्हिल इस्पितळ आणि महानगरपालिकेचे 'स्मिमेर' ही मोठी रुग्णालये शहरात आहेत. शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. तथापि रांगेत उभे राहण्यात एक दिवस जातो, म्हणून मनुष्य वस्तीतल्याच एखाद्या चोळणाऱ्याकडे जातो. अलीकडे त्यात नव्या धर्तीच्या केंद्रांची भर पडली आहे. भ्रमणध्वनीवर हाडे 'कडकड' वाजविण्याच्या चित्रफिती पाहून लोक 'कायरोप्रॅक्टर' असा फलक लावलेल्या ठिकाणी जाऊ लागले आहेत. हा शब्द नवा असल्यामुळे त्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

प्राचीन विद्या आणि परदेशी पद्धती

हाडे व सांधे यांच्यावरील उपचारांचे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत 'भग्न' या विषयाचे स्वतंत्र विवेचन असून त्यात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिलेले आहेत. मोडलेले हाड ताणणे, दाबून जागेवर आणणे आणि पट्ट्या बांधून स्थिर ठेवणे हा क्रमही त्यात सांगितला आहे. पिढीजात हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्यांशी हे वर्णन पुष्कळ जुळते.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धती मात्र अमेरिकेतील आहे. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली तिची सुरुवात केली. मणक्यांना हाताने विशिष्ट झटका देऊन ते 'जुळविणे' हा तिचा गाभा होय. मणके जागेवर नसल्यामुळेच बहुतेक सारे रोग होतात, असा पामर यांचा दावा होता. हा व्यापक दावा आधुनिक शास्त्राने मान्य केलेला नाही. तथापि कंबरदुखीपुरता अशा हस्तोपचाराचा काही उपयोग होतो, असे पुढील अभ्यासांत आढळून आले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. व्यायाम, रुग्णाचे प्रबोधन आणि मसाज यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचाराचाही त्यांत समावेश आहे. कमरपट्टे आणि ताण देण्याचे उपचार नेहमीच्या वापरासाठी सुचविलेले नाहीत. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज या संघटनेने दिला आहे. यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात येईल.

परवाना कसा आला

अमेरिकेतील परवान्याचा इतिहास बोधप्रद आहे. परवान्याशिवाय वैद्यक करतो, या आरोपावरून खुद्द पामर यांना १९०६ साली तुरुंगात जावे लागले. कायरोप्रॅक्टरांना परवाना देणारा पहिला कायदा कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये केला. कॅलिफोर्नियात १९२२ साली लोकांनी मतदानाने असा कायदा मंजूर केला. सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये, लुइझियाना राज्याने तो केला. म्हणजे एका देशातील सर्व राज्यांत परवान्याची पद्धत पोहोचण्यास सहा दशके लागली.

या काळात नियमांचे स्वरूपही बदलत गेले. सुरुवातीच्या काळात प्रत्येक राज्याचे मंडळ आपापली परीक्षा घेई. १९६३ मध्ये देशपातळीवरील परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि हळूहळू एकसमान परीक्षा आली. पुढे परवान्याच्या नूतनीकरणासाठी ठरावीक तास नवे शिक्षण घेण्याची अट पडली. ब्रिटनने १९९४ मध्ये स्वतंत्र कायदा करून 'कायरोप्रॅक्टर' हे नावच संरक्षित केले. नोंदणी नसताना हे नाव लावणे तेथे गुन्हा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या व्यवसायाच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास अपेक्षित असून त्यांपैकी किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्याचे असावेत. चार रविवारी चालणाऱ्या वर्गातून ही विद्या येत नाही, हे या आकड्यावरून कोणाच्याही ध्यानात येईल.

आपल्याकडील कायद्याची वाटचाल

सुरत जिल्हा १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्याचाच भाग होता. त्यामुळे महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या वैद्यकविषयक कायद्यांचे मूळ एकच आहे. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. वैद्य आणि हकीम या नोंदवहीच्या बाहेर राहिले. ती उणीव १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी कायद्याने दूर केली. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वैद्य-हकिमांसाठी त्याने नोंदवही निर्माण केली. त्याचप्रमाणे परीक्षा न दिलेल्या, परंतु प्रत्यक्ष व्यवसाय करीत असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र यादीची सोय केली. जुन्या माणसांच्या पोटावर पाय न देता पुढील पिढीसाठी शिक्षणाची अट घालावयाची, हे या कायद्याचे शहाणपण होते. राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने १९६१ मध्ये आणि गुजरातने १९६३ मध्ये आपापले वैद्यक व्यवसायी कायदे केले.

याच सुमारास हस्तोपचाराची एक नवी शास्त्रीय शाखा आपल्या देशात रुजत होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण सुरू झाले. त्यानंतर १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने तेथेच फिजिओथेरपीची शाळा निघाली. पोलिओने अधू झालेल्या मुलांना उभे करणे ही त्या काळाची निकड होती. आज महाराष्ट्रात आणि गुजरातेत फिजिओथेरपीची अनेक महाविद्यालये आहेत. शिक्षण आधी आले, कायदा मात्र फार मागाहून आला. महाराष्ट्राने ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा २००२ चा कायदा केला, तर गुजरातने फिजिओथेरपी परिषदेचा कायदा २०११ मध्ये केला. तोपर्यंत पदवीधर फिजिओथेरपिस्ट आणि फलक लावून बसलेला कोणीही, यांत कायद्याच्या नोंदवहीने भेद होत नव्हता.

२०२१ चा केंद्रीय कायदा

या क्षेत्रातील सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा होय. या कायद्याच्या परिशिष्टात दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत फिजिओथेरपीचा स्वतंत्र गट आहे. केंद्रात राष्ट्रीय आयोग, प्रत्येक राज्यात राज्य परिषद आणि प्रत्येक व्यवसायाची नोंदवही, अशी त्याची रचना आहे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत मिळून किमान ३६०० तासांचे पदवी शिक्षण आणि 'सहयोगी आरोग्य व्यावसायिक' होण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविण्यात आले आहे. अनेक राज्यांत परिषदा स्थापन होण्यास विलंब झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दोन महिन्यांची मुदत घालून अंमलबजावणीचे आदेश दिले. फिजिओथेरपीचा देशभर एकसमान अभ्यासक्रम एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला.

परंतु या परिशिष्टात 'कायरोप्रॅक्टर' हे नाव नाही, आणि 'हाडवैद्य' हेही नाही. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्या देशात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात पूर्ण शिक्षण घेऊन आलेला मनुष्य आणि चित्रफिती पाहून शिकलेला मनुष्य यांच्यात फरक दाखविणारी नोंदवहीच नसल्यामुळे, प्रामाणिक मनुष्याचेही नुकसान होते आणि रुग्णाचेही. फलकावर हा शब्द लिहिणारी व्यक्ती नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट किंवा नोंदणीकृत डॉक्टर असेल, तर तिच्यावर त्या त्या परिषदेची देखरेख राहते. तशी नसेल तर कोणाचीही राहत नाही.

पारंपरिक हाडवैद्यांसाठी एक मार्ग मात्र निघाला आहे. भारतीय गुणवत्ता परिषद आणि बंगळुरू येथील ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ यांच्या सहकार्याने पारंपरिक उपचारकांच्या ऐच्छिक प्रमाणीकरणाची योजना आखण्यात आली असून तिच्यात हाड बसविण्याच्या विद्येचाही अंतर्भाव आहे. या योजनेत उपचारकाचे ज्ञान आणि कौशल्य तपासले जाते. तथापि हे प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकाचा परवाना नव्हे, हे लक्षात ठेवावे.

नियम अद्ययावत करताना

परवान्याचे नियम केवळ कडक करून भागत नाही. नियम फार कडक आणि सेवा फार दूर, अशी स्थिती झाली तर लोक लपूनछपून उपचार घेतात. नियम सैल राहिले तर अपघात वाढतात. म्हणून या क्षेत्रातील नियम नव्याने आखताना पुढील गोष्टींचा विचार होणे अगत्याचे ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे मर्यादा. कोणत्या व्यवसायाने काय करावे आणि काय करू नये, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. मानेला झटका देणे, मोडलेले हाड बसविणे आणि साधा मसाज करणे ही तीन कामे सारख्या जोखमीची नाहीत.

दुसरी गोष्ट शिक्षणाची आणि परीक्षेची. हात कसा ठेवावा याइतकेच हात केव्हा ठेवू नये, हे शिकविणारा अभ्यासक्रम हवा.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. ती लोकांना सहज पाहता आली पाहिजे. नोंदणी क्रमांक भिंतीवर लावणे बंधनकारक असावे आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण व्हावे.

चौथी गोष्ट टिपणाची आणि संमतीची. रुग्णाला काय होत होते, कोणता उपचार केला आणि त्याची जोखीम त्याला सांगितली किंवा नाही, याची नोंद राहिली पाहिजे.

पाचवी गोष्ट तक्रारीची. सामान्य माणसाला आपल्या भाषेत, आपल्या जिल्ह्यात तक्रार देता आली पाहिजे. सुरतेतील खानदेशी कामगाराला राजधानीच्या गावी खेटे घालावे लागले तर तो तक्रारच करणार नाही.

सहावी गोष्ट जुन्या माणसांची. १९३८ च्या कायद्याने दाखविलेली वाट आजही उपयोगी आहे. पिढीजात हाडवैद्याला एकाएकी गुन्हेगार ठरविण्यापेक्षा त्याचे कौशल्य तपासावे, त्याला धोक्याच्या खुणा शिकवाव्यात, आणि मर्यादेबाहेरचा रुग्ण रुग्णालयात पाठविणे त्याच्यावर बंधनकारक करावे. असे केल्यास तो आरोग्ययंत्रणेचा सहकारी होऊ शकेल.

कायद्याची आजची साधनेही अगदीच दुबळी नाहीत. एका पद्धतीचे शिक्षण घेऊन दुसऱ्या पद्धतीचा उपचार करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात भोंदू वैद्याच्या पंक्तीला बसविले. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. या मार्गाने दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती, कागद आणि उपचार करणाऱ्याचे नाव हाती असले पाहिजे.

धोका कोठे असतो

दोन काल्पनिक उदाहरणे घेऊन हा मुद्दा स्पष्ट करता येईल.

समजा, एका यंत्रमाग कामगाराचा आठ वर्षांचा मुलगा पडला आणि त्याचे कोपराजवळचे हाड मोडले. वस्तीतील माणसाने कामट्या लावून पट्टी आवळून बांधली. रात्री मूल रडू लागले. बोटे सुजली, निळसर झाली, त्यांना स्पर्श कळेना. 'दुखणारच, हाड मोडले आहे' असे म्हणून घरची मंडळी सकाळची वाट पाहत बसली. आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटला म्हणजे स्नायू काही तासांतच मरू लागतात. सकाळपर्यंत हात कायमचा अधू होऊ शकतो, प्रसंगी तो कापावाही लागतो. हीच पट्टी त्या रात्री ताबडतोब सोडून मुलाला रुग्णालयात नेले असते तर हात वाचला असता.

समजा, एका प्रौढ स्त्रीची पाठ दोन महिने दुखत आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजन उतरत आहे. ही खूण कण्याच्या क्षयाची असू शकते. क्षयावर शासकीय रुग्णालयात विनामूल्य औषध मिळते आणि रोग बरा होतो. परंतु किडलेल्या मणक्याला कोणी झटका दिला, तर मज्जारज्जू दबून दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. मानेच्या बाबतीतही हेच लागू पडते. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या शिरा मानेच्या मणक्यांतून वर जातात. जोराच्या हिसक्याने अशी शीर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. असे क्वचित घडते, परंतु घडल्यास परिणाम गंभीर होऊ शकतात.

म्हणून पुढील खुणा असतील तर हाडवैद्य, कायरोप्रॅक्टर किंवा मालीशवाला यांपैकी कोणाकडेही न जाता प्रथम डॉक्टरला दाखवावे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. ताप अथवा वजन घटणे. रात्री झोपेतही न थांबणारी वेदना. पायातील शक्ती जाणे. लघवी अडणे किंवा नकळत होणे. बैठकीच्या जागी बधिरता. मान दुखत असताना चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोलताना अडखळणे. तसेच वृद्धांची ठिसूळ झालेली हाडे आणि कर्करोगाचा पूर्वेतिहास.

गावाने काय करावे

नागरिकाने उपचार घेण्यापूर्वी नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. आपली नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे? क्रमांक काय? या उपचारात धोका कोणता? ज्याची नोंदणी खरी आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. पट्टी बांधल्यावर बोटांची टोके उघडी ठेवावीत आणि दर तासाला त्यांचा रंग, ऊब व हालचाल पाहावी.

शिक्षकांनी शाळेत प्रथमोपचाराच्या पाठात ही बोटे पाहण्याची साधी गोष्ट शिकवावी. मूल ती घरी सांगते, आणि घरातील वडीलधारी मंडळी मुलाचे ऐकतात. खेळाच्या तासाला मुलांनी एकमेकांच्या माना मोडण्याचा जो खेळ चालविलेला असतो, तोही बंद करावा. ग्रामसेवक, आरोग्यसेवक आणि आशा कार्यकर्ती यांनी गावातील हाडवैद्यांशी वैर न धरता त्यांची ओळख करून घ्यावी, आणि जवळच्या ज्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर व फिजिओथेरपीची सोय आहे त्याचा पत्ता त्यांच्याकडे लिहून ठेवावा. एखाद्या केंद्राविषयी शंका आली तर अफवा न पसरविता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

कंबरदुखीचा पुष्कळसा भाग टाळता येण्यासारखाही आहे. माग चालविताना अधूनमधून पाय बदलून उभे राहणे, घंटीवर बसताना बैठकीची उंची बेताची ठेवणे, ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकणे आणि थोडे दुखत असले तरी अंथरूण न धरता चालतेफिरते राहणे, एवढ्याने अनेकांची पाठ सांभाळली जाते. त्याला कोणाचाही परवाना लागत नाही.

नोंदवही ही दिसायला कोरडी वस्तू आहे. तिच्यात नावे, क्रमांक आणि तारखा यांपलीकडे काही नसते. परंतु लिंबायतच्या चाळीत किंवा नंदुरबारजवळच्या पाड्यावर जेव्हा एखाद्या घरातील कमावता मनुष्य पाठ धरून बसतो, तेव्हा त्याला हात लावणाऱ्याचे नाव त्या वहीत असणे, एवढाच त्या कुटुंबाचा आधार असतो. ती वही पुरी करणे हे शासनाचे काम आहे आणि ती पाहून मगच पाठ पुढे करणे हे नागरिकाचे.